हॉटेल कुठे, आणि कोणाच्या पाण्यावर?

पावसाळ्यात भोपाळची वर्तमानपत्रं बड्या तलावाची पातळी नेमाने छापतात. ती १६६६.८० फुटांना टेकली की तलाव भरला असं शहर मानतं आणि भदभदा धरणाच्या अकरा दारांपैकी काही उघडली जातात. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधून घेतलेला हा तलाव आज दोन कामं एकदम करतो. एक म्हणजे तो शहराला पाणी पाजतो. १९ ऑगस्ट २००२ रोजी, हा तलाव ज्यात येतो त्या भोज पाणथळ क्षेत्राची पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नोंद झाली, तेव्हा शहराच्या पिण्याच्या पाण्यातला सुमारे ४० टक्के वाटा याच तलावाचा होता. दुसरं काम म्हणजे तो शहराला चेहरा देतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला खोली हवी असते ती तलाव दिसेल अशी, आणि हॉटेल बांधणाऱ्याला जमीन हवी असते ती त्याच काठावर. ही दोन कामं एकमेकांच्या आड येऊ लागली की जमिनीच्या वापराचे नियम हा सरकारी कचेरीतला रुक्ष विषय राहत नाही, घराघरातल्या नळाचा विषय होतो.

भोपाळने हॉटेलांना जागा द्यावी, भरपूर द्यावी, पण ती कुठे आणि किती याचा निर्णय शहराच्या विकास आराखड्यात एकदाच आणि सर्वांसमक्ष व्हावा. एकेका भूखंडासाठी, एकेका अर्जावर होऊ नये, असं माझं म्हणणं आहे. याला विरोध करणारी बाजू पोकळ नाही, तिच्यात खरं बळ आहे. म्हणून आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी रीत इथे वापरली आहे: आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने, मग उत्तरपक्ष आणि शेवटी सिद्धांत. पूर्वपक्षात हॉटेल व्यवसायातला माणूस बोलतो, उत्तरपक्षात नगररचनेची बाजू घेणारा. दोघंही कल्पित आहेत. कायदे, आकडे आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

पूर्वपक्ष: तुम्ही नकाशावर बोट ठेवून बघा. सांचीचे स्तूप इथून पन्नासेक किलोमीटरच्या आत, भीमबेटका त्याच अंतरावर, भोजपूरचं शिवमंदिर त्याहून जवळ. सांची १९८९पासून आणि भीमबेटका २००३पासून जागतिक वारसास्थळ. असं भाग्य देशातल्या किती राजधान्यांना लाभलंय? तरी पर्यटक सकाळी येतो, स्तूप बघतो आणि संध्याकाळी गाडी पकडतो. त्याने रात्री इथे मुक्काम करावा, दोन दिवस राहावं, बाजारात फिरावं, यासाठी चांगल्या खोल्या लागतात. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्याची जागतिक गुंतवणूकदार परिषद पहिल्यांदा भोपाळला, मानव संग्रहालयाच्या आवारात भरली. अशा मेळाव्यांचं यजमानपद मिरवायचं तर पाहुण्यांना उतरवणार कुठे? आणि खोली बांधायला निघालेल्या माणसाचं काय होतं तेही बघा. शेतजमीन असेल तर आधी महसूल खात्याकडून डायव्हर्शन, ज्याला महाराष्ट्रात एनए म्हणतात. मग नगर तथा ग्राम निवेश खात्याकडून आराखड्याला मंजुरी, नगर निगमची बांधकाम परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला, प्रदूषण मंडळाची संमती. या सगळ्याचा पाया असलेला शहराचा विकास आराखडा कधीचा? १९९५चा, २००५पर्यंत पुरेल म्हणून केलेला. २०३१साठीचा मसुदा २०२०मध्ये लोकांसमोर आला, २०२३मध्ये सुधारून पुन्हा आला, पण अंतिम झाला नाही. दरम्यान शहर कितीतरी पसरलं. कागदावर ज्या भागाला निवासी रंग आहे तिथे आज दवाखाने, शिकवणी वर्ग आणि बँका उभ्या आहेत. असल्या शिळ्या नकाशाने माझी जमीन हॉटेलाला योग्य की अयोग्य हे ठरवायचं? कर्जाचं व्याज मात्र रोज चढत असतं. त्यापेक्षा बाजाराला ठरवू द्या. हॉटेल चुकीच्या जागी बांधलं तर गिऱ्हाईक येणार नाही आणि बुडेन मीच.

उत्तरपक्ष: आराखडा शिळा झालाय हे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचा दोष तुमच्याकडे नाही. पण चुकीच्या जागी बांधलं तर बुडणारा फक्त बांधणाराच असतो, हे तुमचं गृहीतक भोपाळमध्ये तरी कोणी मांडू नये. या शहराचा पहिला विकास आराखडा १९७५चा. घातक उद्योग वस्तीपासून दूर, शहराच्या ईशान्येला वेगळ्या पट्ट्यात हलवावेत, असं त्यात म्हटलं होतं. युनियन कार्बाइडचा कारखाना मात्र जुन्या शहराला लागून, होता तिथेच राहिला. १९८४च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री विषारी वायू ज्या वस्त्यांवर पसरला, त्यांनी कारखान्याची जागा निवडली नव्हती. हॉटेल म्हणजे कीटकनाशकाचा कारखाना नव्हे, ही तुलना मी करत नाही. मला त्यातलं तत्त्व तेवढं घ्यायचंय. जमिनीच्या एका तुकड्यावर काय उभं राहतं याची किंमत बऱ्याचदा शेजारचा मोजतो, आणि बाजारभावात ती किंमत कुठेच दिसत नाही. जमीन-वापराचे नियम निर्माण झाले ते याच कारणाने. गिऱ्हाईक तुमच्या हॉटेलात आलं नाही तर तुम्हाला कळेल. तुमच्या सांडपाण्याने तलावात जलपर्णी माजली तर ते गिऱ्हाइकाला कळणार नाही, काठावरच्या कोळ्याला आणि नळाला तोंड लावणाऱ्या बाईला कळेल. १९७५चा आराखडा आणखी एक धडा देतो. कागदावरची शहाणी ओळ अंमलात आली नाही तर तिचा उपयोग शून्य. म्हणून माझा आग्रह जास्त नियमांचा नाही. थोड्या पण पाळल्या जाणाऱ्या नियमांचा आहे.

पूर्वपक्ष: थोडे आणि पाळले जाणारे म्हणता, तर ते आहेतच की. २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांनी गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम बंद केलंय, होड्यांच्या धक्क्याचा अपवाद सोडून. ते मी पाळतो. सांडपाण्यासाठी स्वतःचा शुद्धीकरण प्रकल्प बसवतो, शुद्ध केलेलं पाणी बागेला वापरतो. माझ्या पाहुण्याला स्वच्छ तलाव बघायचाय, म्हणजे तलाव स्वच्छ राहण्यात माझाच स्वार्थ सर्वांत मोठा. उलट तलावात सर्वांत जास्त घाण येते कुठून? पाणलोटातल्या शेतांतून वाहून येणाऱ्या खतांतून आणि वस्त्यांच्या उघड्या नाल्यांतून. त्यांना कोणी विचारत नाही, कारण ते विखुरलेले आहेत; हॉटेल एका जागी, उजेडात उभं असतं म्हणून सगळी बोटं त्याच्याकडे. हा न्याय नव्हे.

उत्तरपक्ष: ५० मीटरपासून सुरुवात करू. हा आकडा सगळ्या किनाऱ्याला एकच माप लावतो, पण बड्या तलावाचा किनारा एकसारखा नाही. शहराच्या बाजूला, श्यामला हिल्सखाली, जमीन उभी चढते. तिथे ५० मीटर म्हणजे बरंच वरचं ठिकाण. पश्चिमेला, जिथे कोलांस नदी तलावात शिरते, तिथे जमीन जवळपास सपाट आहे. उतार शंभराला एक असा धरला तर पाणी एक मीटर चढताच काठ १०० मीटर आत सरकतो. म्हणजे एकीकडे जे अंतर पुरेसं आहे तेच दुसरीकडे एखाद्या जोरदार पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ शकतं. शिवाय तलाव म्हणजे फक्त त्याचं पाणी नव्हे. भरल्यावर त्याचा विस्तार ३१ चौरस किलोमीटरच्या आसपास, पण त्याला पाणी पुरवणारा पाणलोट ३६१ चौरस किलोमीटरचा, आणि त्यातला मोठा भाग सीहोर जिल्ह्यात. तलावाचं भवितव्य काठापासून पन्नास पावलांवर ठरत नाही, या ३६१ चौरस किलोमीटरात ठरतं. म्हणूनच २०१७चे नियम पाणथळ जागेभोवतीचं प्रभावक्षेत्र ठरवून तिथे काय चालेल आणि काय नाही हे लिहायला सांगतात. ५० मीटर ही त्या नियमांतली किमान मर्यादा आहे. तिलाच कमाल मानून बाकीचा पाणलोट मोकळा सोडणं हा नियमाचा अर्थ नाही.

आता पाण्याचा हिशेब मांडू. राष्ट्रीय बांधकाम संहिता घरात दरडोई रोज १३५ लीटर पाणी धरते. पंचतारांकित हॉटेलात एका खाटेमागे ३२० लीटर. दीडशे खोल्या, प्रत्येकी दोन खाटा: रोज ९६ हजार लीटर. तेवढ्या पाण्यात ७११ नागरिकांची घरगुती गरज भागते. यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरलं, तर रोज जवळजवळ ७७ हजार लीटर. तुमचा शुद्धीकरण प्रकल्प उत्तम चालला तर ठीक. पण तो बंद पडला, वीज गेली, चालवणारा रजेवर गेला, तर ते पाणी उताराने कुठे जाईल हे ठरवणारी गोष्ट म्हणजे तुमची जागा. पाणलोटाबाहेर असाल तर त्या दिवशीची चूक महापालिकेच्या गटारात जाते. पाणलोटात असाल तर पिण्याच्या पाण्यात. पर्यावरण मंजुरी यावर लक्ष ठेवील म्हणावं, तर २००६च्या अधिसूचनेनुसार ती २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांनाच लागते. मध्यम आकाराची बहुतेक हॉटेलं त्या चाळणीखालून निसटतात. खतांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते टाळून चालणार नाही. पण शेतकऱ्याला या हंगामात समजावलं तर पुढच्या हंगामात तो खत बदलू शकतो. काँक्रीट एकदा पडलं की तीन पिढ्या हलत नाही. चुकलं तर दुरुस्त करता येणाऱ्या गोष्टीला एक नियम आणि न येणाऱ्या गोष्टीला जास्त कडक नियम, यात अन्याय नाही.

पूर्वपक्ष: कडक नियमाचं दुसरं टोकही पाहा. तुम्ही परवानगी मागणाऱ्याला अडवता आणि न मागणारा बांधून मोकळा होतो. भोपाळच्या कडेकडेने किती मॅरेज गार्डन आणि फार्महाउस उभी आहेत? त्यांतल्या कित्येकांनी तुमच्या कचेरीचा उंबरा ओलांडलेला नाही. हॉटेल नाकारलंत, तर त्याच जमिनीवर उद्या तंबू, लॉन, डीजे आणि शुद्धीकरणाविना सांडपाणी येतं. दुसरं, पाणलोटातल्या शेतकऱ्याचं काय? भोपाळला पाणी मिळावं म्हणून सीहोरच्या गावातल्या माणसाने आपल्या जमिनीचा भाव कायमचा गोठवून घ्यायचा? शहराने पाणी प्यायचं आणि बिल गावाने भरायचं? आणि तिसरं, सरकार स्वतः काय करतं? याच तलावात पर्यटन विभागाचं क्रूझ वर्षानुवर्षं चालत होतं. सरकारला एक नियम आणि आम्हाला दुसरा, असं असेल तर नियमाबद्दल आदर राहणार कुठून?

उत्तरपक्ष: या तिन्ही मुद्द्यांत तुमची बाजू भक्कम आहे, उलटा क्रम घेतो. सरकारला वेगळा नियम असता कामा नये. सप्टेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाने भोज पाणथळ क्षेत्रात क्रूझ आणि मोटरबोटी चालवायला मनाई केली, आणि ती सरकारी पर्यटन विभागालाच लागू झाली. जो नियम सरकारी बोटीला थांबवतो तोच खाजगी व्यावसायिकाला सांगायचा नैतिक अधिकार कमावतो. शेतकऱ्याबद्दल तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं स्वीकारतो. एखाद्याच्या जमिनीवर सार्वजनिक हितासाठी बंधन घालायचं तर त्याची भरपाई सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक हक्काने झाली पाहिजे. त्यासाठीचं साधन राज्याकडे आहे: मध्य प्रदेशाने २०१८मध्ये विकास हक्क हस्तांतरणाचे, म्हणजे टीडीआरचे नियम केले. पाणलोटातल्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर बांधता न येणारं क्षेत्र हक्काच्या रूपात विकता यावं आणि ते हॉटेलवाल्याने शहरातल्या ठरलेल्या पट्ट्यात वापरावं. मग शेतकऱ्याला पैसा मिळतो, शेत शेत राहतं, आणि हॉटेलही होतं. हे टाळून फक्त मनाई लादली तर शेतकरी नाइलाजाने जमीन मॅरेज गार्डनला भाड्याने देतो, म्हणजे तुमचा पहिला मुद्दा दुसऱ्याच्याच पोटातून जन्म घेतो.

बेकायदा बांधकामाचा उपाय मात्र नियम सैल करणं नव्हे. चोरी वाढली म्हणून कुलूप काढून टाकत नाहीत. तलावाची हद्द दाखवायला काठाने खांब रोवलेले आहेत, भोपाळी त्यांना मुनार म्हणतात. त्यांतले काही पाडले गेल्याच्या आणि सरकवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. ज्या शहरात नियमाची सीमा जमिनीवर दिसतच नाही, तिथे नियम मोडला की नाही यावरच वाद चालतो आणि वाद चालू असताना भिंत चढते. प्रत्येक मुनाराला क्रमांक असावा, त्याची उपग्रहावरून नोंदवलेली जागा जाहीर असावी, आणि हद्दीतल्या प्रत्येक मंजुरीचा कागद संकेतस्थळावर कोणालाही उघडता यावा. हे झालं तर प्रामाणिक व्यावसायिकाला बेकायदा शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायला पुरावा मिळतो. आज तो पुरावा कोणाकडेच नाही, म्हणून दोघंही सारखेच संशयित ठरतात.

पूर्वपक्ष: मग मला निदान लवचिकता तरी द्या. प्रत्येक जागा वेगळी असते, तुम्हीच आत्ता उताराबद्दल सांगितलंत. एखाद्या ठिकाणी हॉटेल खरंच योग्य असेल, पण नकाशावर रंग वेगळा असेल, तर तज्ज्ञांच्या समितीने गुणावगुण बघून परवानगी द्यायला काय हरकत आहे? १९७३च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमातच कलम २३-क आहे. राज्याच्या विकासाशी संबंधित प्रकल्पासाठी सरकार आराखड्यात फेरबदल करू शकतं. दोन दैनिकांत जाहिरात द्यायची, पंधरा दिवसांत हरकती मागवायच्या. कायद्यानेच दार ठेवलंय, ते वापरण्यात गैर काय?

उत्तरपक्ष: अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेलं दार रोजच्या ये-जा करायचा रस्ता झालं की घराला भिंतीच उरत नाहीत. एका भूखंडाला सूट मिळाली की शेजारच्या भूखंडाचा भाव त्याच दिवशी चढतो, कारण घेणारा पुढच्या सुटीवर पैज लावतो. मग शेजारी अर्ज करतो, त्याला नाकारण्याचं कारण सापडत नाही, आणि दहा वर्षांत आराखडा म्हणजे सुटींची यादी होते. एका वेळी एकच हॉटेल बघणाऱ्या समितीला ते हॉटेल नेहमीच लहान आणि निरुपद्रवी दिसतं. तलावाला मात्र सगळी हॉटेलं एकदमच सोसावी लागतात. हा एकत्र भार फक्त आराखड्यातच मोजता येतो, अर्जात नाही.

आणि सुटीवर उभं राहिलेलं हॉटेल सुरक्षित असतं असंही नाही. हिमाचलात बियास नदीच्या काठी स्पॅन मोटेल्सला वनजमीन भाडेपट्ट्याने मिळाली, हॉटेल वाचवण्यासाठी नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. नदी, किनारा, जंगल ही सरकारची खाजगी मालमत्ता नसून सरकार जनतेच्या वतीने तिचं विश्वस्त आहे, हे तत्त्व आपल्या कायद्यात ठामपणे आलं ते याच निकालाने. आणि ते एका हॉटेलाच्या खटल्यात आलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुसरं उदाहरण केरळातल्या वेंबनाड सरोवराचं. भोज पाणथळ ज्या दिवशी रामसर यादीत गेलं त्याच दिवशी वेंबनाडही गेलं. तिथल्या एका बेटावर ५४ व्हिलांचं रिसॉर्ट उभं राहिलं, किनारा नियमांच्या विरोधात. जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडण्याचा आदेश कायम केला आणि २०२२मध्ये पाडकाम सुरू झालं. गुंतवणूकदाराचा सगळा पैसा आणि कामगारांची सगळी आशा मातीत गेली. तुम्ही लवचिकता मागता. तुमच्या धंद्याला खरी गरज आहे ती खात्रीची. जमीन घेण्याआधी कळलं पाहिजे की इथे हॉटेल होईल की नाही, किती मजल्यांचं, किती खोल्यांचं. होणार असेल तर कोणी अडवणार नाही, आणि होणार नसेल तर कोणी कितीही वजन खर्चलं तरी होणार नाही.

पूर्वपक्ष: अशी खात्री कुठे दिली गेली आहे, एक तरी उदाहरण सांगा. आणि तलाव सोडून मी जाऊ कुठे, तेही सांगा.

उत्तरपक्ष: समुद्रकिनारा घ्या. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेला हॉटेलांसाठीच एक वेगळं परिशिष्ट होतं. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत हॉटेल नाही; २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात भूखंड किमान ०.४ हेक्टर, एकूण बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांच्या आत, उंची ९ मीटरपर्यंत, मजले दोनच, आणि लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटरची मोकळी वाट. पुढच्या अधिसूचनांनी किनाऱ्यावरची बंधनं सैल केली; २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरवर आणला, आणि मला ते पसंत नाही. पण मूळ नियमाची घडण बघा. त्यात हॉटेलाला बंदी नाही, हॉटेलाचं माप आहे. कोकणात वा गोव्यात जमीन घेणाऱ्याला पहिल्या दिवशी कळत होतं की काय बांधता येईल. महाबळेश्वर-पाचगणी २००१मध्ये आणि माथेरान २००३मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं, तेव्हा हॉटेल व्यवसाय संपेल अशी ओरड झाली होती. दोन्हीकडे आजही सुटीच्या दिवसांत खोली मिळत नाही. गोड्या पाण्याच्या तलावांसाठी असं हॉटेलाचं माप देशाने अजून लिहिलेलं नाही. ते भोपाळने पहिल्यांदा लिहावं.

आणि जायचं कुठे, याचं उत्तर शहराच्या इतिहासातच आहे. भोपाळची नावाजलेली हॉटेलं बघा. श्यामला हिल्सवरचा जहांनुमा पॅलेस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला आणि १९८३पासून हॉटेल झाला. कोह-ए-फिजाचा नूर-उस-सबाह हा १९२०च्या दशकातला राजवाडा. इक्बाल मैदानाजवळचं सदर मंझिल बेगमांच्या काळात दरबाराचं, नंतर नगर निगमची कचेरी, आता हेरिटेज हॉटेल. १९०९मध्ये पायाभरणी झालेला मिंटो हॉल विधानसभेचं सभागृह होता. आता कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाने परिषदगृह आहे. यांपैकी एकाही इमारतीने या नव्या वापरासाठी तलावाच्या पाणलोटातली नवी जमीन खाल्ली नाही. जुन्या शहरात अशा आणखी वास्तू पडझड सोसत उभ्या आहेत. त्यांचा वापर बदलायला परवानगी सोपी करा, वाढीव चटई क्षेत्र नको असेल तर करात सवलत द्या. नव्या मोठ्या हॉटेलांसाठी राणी कमलापती स्थानकाचा परिसर, एम. पी. नगर आणि करोंद ते एम्स ही मेट्रो मार्गिका आहे. तिथे रस्ते, गटारं आणि रेल्वे आधीच आहेत. तिथे दहा मजले चढले तरी तलावाचं काही बिघडत नाही. तुमचा पाहुणा तिथून तलावाकडे जाईल आणि त्याच्याबरोबर शहरातला प्रत्येक माणूस तोच तलाव तितकाच बघेल.

सिद्धांत: दोन्ही बाजू ऐकल्यावर मला दिसतं ते असं. पूर्वपक्षाच्या तक्रारी बहुतेक खऱ्या आहेत. आराखडा शिळा आहे, परवानग्यांची साखळी लांब आहे, बेकायदा बांधणारा सुटतो, आणि पाणलोटातल्या शेतकऱ्यावर अन्याय होतो. पण या चारही तक्रारींचं औषध नियम कमी करण्यात किंवा सुटी वाढवण्यात नाही. शिळ्या आराखड्यावरचा उपाय नवा आराखडा आहे. लांब साखळीवरचा उपाय असा, की आराखड्यात हॉटेलासाठी ठरलेल्या पट्ट्यात ठरलेल्या मापाचा अर्ज आला तर तो ठरावीक दिवसांत मंजूर झालाच पाहिजे, नाही तर आपोआप मंजूर समजला जावा. बेकायदेशीरपणावरचा उपाय दिसणारी हद्द आणि उघडे कागद. शेतकऱ्यावरच्या अन्यायावरचा उपाय विकास हक्कांची प्रत्यक्ष खरेदी-विक्री. हे सगळे उपाय नियमाला बळकट करतात, म्हणून मी उत्तरपक्षाच्या बाजूने आहे.

एक आक्षेप तरीही उरतो. तलावापासून लांबच्या खोलीला कमी भाडं मिळेल, म्हणजे गुंतवणूक कमी होईल आणि शहराचा रोजगार बुडेल, असं म्हटलं जाईल. काही खोल्यांचं भाडं कमी होईल हे खरं आहे. पण काठावरच्या खोलीला जो जास्तीचा भाव मिळतो तो हॉटेलाने निर्माण केलेला नसतो. तो तलावाने निर्माण केलेला असतो, आणि तलाव हजार वर्षं सगळ्या शहराने सांभाळलेला आहे. तो भाव एका भिंतीआड बंद करून विकणं म्हणजे सार्वजनिक संपत्ती खाजगी तिजोरीत भरणं. रोजगाराचं म्हणाल तर वेटर, स्वयंपाकी, माळी आणि वाहनचालक यांना हॉटेल कुठेही असलं तरी काम मिळतं. उलट मेट्रोजवळच्या हॉटेलात कामाला पोचणं त्यांना सोपं जातं. आणि पाणी बिघडलेल्या तलावाच्या काठावरच्या खोलीला कोणताही भाव उरत नाही, हे साधं गणित व्यावसायिकालाही कळतं.

म्हणून भोपाळच्या पुढच्या विकास आराखड्यात हॉटेलांवर एक स्वतंत्र प्रकरण असावं, निवासी आणि व्यापारी या रंगांच्या तळटीपांत दडलेलं नसावं. पाणलोटाची सीमा सीहोरपर्यंत धरून प्रभावक्षेत्र अधिसूचित व्हावं. काठापासूनचं अंतर एका आकड्यात न सांगता उतारानुसार सांगावं. पाणलोटातल्या जुन्या इमारतींना वापर बदलून हॉटेल होण्याची मुभा असावी, पण नव्या बांधकामाला खोल्यांची, उंचीची आणि पाण्याची कमाल मर्यादा असावी. कलम २३-कचा वापर प्रभावक्षेत्रात खाजगी हॉटेलांसाठी होणार नाही असं आराखड्यातच लिहावं. शहरातल्या पट्ट्यांत मात्र हॉटेलांना मोकळेपणाने वाढू द्यावं. यासाठी वेगळ्या मोठ्या कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही: १९७३चा अधिनियम, २०१७चे पाणथळ नियम आणि २०१८चे टीडीआर नियम हातात आहेत. उरलंय ते काम मसुदा पुन्हा प्रसिद्ध करण्याचं, त्यावरच्या हरकती खरोखर ऐकण्याचं, आणि मग तो न मोडण्याचं. मसुदा येईल तेव्हा भोपाळच्या नागरिकांनी आपल्या गल्लीचा रंग तेवढा बघून थांबू नये. पाणलोटाचं पान उघडावं, आणि तिथे हॉटेलाचं माप लिहिलेलं नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवावी.